टिटवीची चार अंडी

२२ एप्रिल, सोमवार

दीक्षा काल मेळघाटात परत गेली. तिथं एका प्रकल्पात ती रानपिंगळा शोधते. रानपिंगळा म्हणजे लहानसं घुबड, दिवसाही दिसतं म्हणे. वर्षभराचं काम आहे. फोनला रेंज फक्त एका टेकडीवर, म्हणून रविवारचाच फोन.

जाताना मला तिची जुनी दुर्बीण देऊन गेली. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही नुसते कूलरसमोर बसून राहिले. टिकलीले घेऊन रोज बगिच्यात जात जा. जे दिसन ते लिहून ठेवा, तारीख अन् वेळ टाकून. मले यादी पाहिजे."

यादी वेगळ्या कागदावर करतो आहे. ही वही माझी. हिंगण्याला फाउंड्रीत एकोणतीस वर्षं रेतीचे साचे भरले, तिथं रोजचं काम रजिस्टरात लिहायची सवय होती. डिसेंबरात रिटायर झालो, सवय तशीच राहिली.

टिकली म्हणजे दीक्षाची कुत्री. आठ वर्षांपूर्वी कॉलेजच्या बॅगेत घालून आणली होती. गावठीच, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका.

सकाळी सहा वाजता आमच्या नंदनवन वस्तीतल्या बगिच्यात. साळुंक्या, कावळे, खारी. एक तांबट पक्षी, दुर्बिणीतून नीट दिसला, हिरवा, कपाळ लाल. तो टुक टुक आवाज इतकी वर्षं मला वाटायचं कुणीतरी पत्रा ठोकतो आहे.

दोन फेऱ्या झाल्या. टिकली थकली म्हणून तिसरी केली नाही.

२४ एप्रिल, बुधवार

मुंगूस! सहा वाजून वीस मिनिटांनी, कोरड्या हौदाजवळ. टिकलीनं असा हिसका दिला की पट्टा हातातून सुटला. मुंगूस करवंदीच्या जाळीत गेलं आणि टिकली जाळीभोवती भुंकत फिरत राहिली. तिला पकडायला जरा धावलो, तर खोकला लागला. माळी धोंडबा पाइप टाकून आला.

"बसा ना भाऊ. काहून धावता?"

"कुत्री पळाली ना गा."

"कुत्री कुठी जाते? थे येईन. तुम्ही बसा."

बसलो. टिकली स्वतःच आली. धोंडबा काटोलकडचा, घरची शेती भाऊ करतो, हा वीस वर्षांपासून इथं झाडांना पाणी देतो. मी मुंगसाचं विचारलं तर म्हणाला, दोन आहेत, नर-मादी. वीस वर्षांत कुणी आपल्याला असं विचारलं नव्हतं, असंही म्हणाला.

२८ एप्रिल, रविवार

दीक्षाचा फोन. यादी वाचून दाखवली, सतरा झाले. राखी धनेशाचं सांगितलं तेव्हा ती ओरडलीच. "नंदनवनमध्ये? बाबा, खरंच?" खरंच. गेटजवळच्या उंबरावर दोन धनेश फळं खात होते, चोच केवढी, वर शिंग.

मग ती म्हणाली, "खोकला काहून येऊन राहिला?"

म्हटलं, कूलरचं पाणी बदललं नाही.

४ मे, शनिवार

आज मोठी गोष्ट घडली.

बगिच्याच्या मागच्या बाजूला मोकळी जागा आहे, गोटे-मुरूम पडलेला, तिकडं कुणी जात नाही. टिकली तिकडं ओढून राहिली म्हणून गेलो. एकदम टिटवी ओरडत डोक्यावर आली. दुसरी समोरून. इतक्या खाली की पंखाचा वारा कानाला लागला. टिकली पोट टेकवून माझ्या पायांत घुसली. मी तसाच मागं सरलो, बाकावर बसलो, दुर्बीण लावली. पाऊण तास बसलो तेव्हा टिटवी चालत आली, दोनदा खोटं खोटं बसली, तिसऱ्यांदा नीट बसली. अंग हलवून, कोंबडी बसते तशी.

धोंडबाला दाखवलं. तो लांबून वळसा घेऊन पाहून आला. "तीन अंडे हाय. मातीच्याच रंगाचे. पाय पडला तरी समजणार नाही."

घर म्हणून काही नाही. गोट्यांमध्ये वाटीएवढा खड्डा, झालं.

घरी येऊन बायकोला, सरिताला सांगितलं. शेजारच्या सिंधूताई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या टिटवी घराकडं पाहून ओरडली की कुणीतरी जाते. सरिता म्हणाली, "आम्ही नाही मानत वं ते." पण नंतर मला म्हणाली, रोज तिकडं जाणं गरजेचं आहे का?

६ मे, सोमवार

चार अंडी झाली. आता रोज दोघं पाळीपाळीनं बसतात. दीक्षा काल म्हणाली, अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं. पिल्लं जन्मल्याबरोबर चालतात म्हणे, त्याच दिवशी मायबापामागं पळतात. "बाबा, ते दिसलं तर मले काही नको. मी इकडे तीन महिन्यांपासून एक घुबड शोधून राहिले, अन् तुम्ही घरी बसून टिटवीचं घरटं शोधलं!"

घरी बसून नाही, म्हटलं. चालत जातो.

टिकलीचं मात्र काही खरं नाही. गेटपासून मागच्या जागेपर्यंत तीन बाक आहेत, ती तिन्हीवर थांबवते. म्हणजे मी बसतो तेव्हा तीही थांबते. उन्हाळा यंदा तिला फार लागतो आहे.

९ मे, गुरुवार

टिकलीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, नूपुर नाव. दवाखाना पहिल्या मजल्यावर. वर पोचल्यावर मला बोलायला जरा वेळ लागला, तोवर ती माझ्याकडंच पाहत होती. मी सांगितलं, हिला चालवत नाही, दम लागतो, मध्ये मध्ये बसावं लागतं, खाणं कमी झालं आहे.

तिनं टिकलीला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली, दात पाहिले, वजन केलं. "काका, ही एकदम फिट आहे. वजन दीड किलो वाढलं आहे."

"मग दम काहून लागते?"

तिनं नळी गळ्यात अडकवली. मग म्हणाली, "काका, तुमचं वजन कधी केलं?"

तिच्या म्हणण्यावरून मी काट्यावर उभा राहिलो. त्रेपन्न. रिटायर झालो तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं चौसष्ट लिहिलं होतं. काटा कुत्र्यांचा आहे, माणसाचं बरोबर दाखवत नसेल. तिनं चिठ्ठीवर छातीच्या एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. टिकलीसाठी एक गोळीसुद्धा दिली नाही. नवीन आहे, अनुभव कमी.

११ मे, शनिवार

सरिताला ती चिठ्ठी सापडली. शर्ट धुवायला घेताना. तिनं अंगणवाडीच्या मॅडमला फोन करून मंगळवारची सुटी मागितली. तेवीस वर्षांच्या नोकरीत तिनं माझ्यासाठी कधी सुटी घेतली नाही, मी घेऊ दिली नाही.

१४ मे, मंगळवार

दवाखान्यात गेल्यानं बगिचा चुकला.

डॉक्टरनं विचारलं, काम काय करायचे? सांगितलं, मोल्डिंग. रेतीत? रेतीत. तोंडाला काही बांधायचे? दुपट्टा बांधायचो. तो हसला नाही, मान हलवली आणि लिहीत राहिला. फोटो काढला. मग म्हणाला, मोठा फोटो काढावा लागेल, छातीत पाणीही दिसतं, ते काढून तपासायला पाठवू.

बाहेर माझ्यासारखेच चार-पाच बसले होते. एक जण हिंगण्याचाच निघाला, दुसऱ्या कंपनीतला. त्यानं विचारलं, "शॉटब्लास्टिंग?" म्हणजे छर्रे मारून ओतीव मालावरची रेती उडवायचं काम. म्हटलं, नाही, मोल्डिंग. तो म्हणाला, "एकच गोष्ट आहे." मग त्याचा नंबर लागला.

१७ मे, शुक्रवार

पाठीतून सुईनं पाणी काढलं. बाटलीभर. लालसर होतं. लगेच बरं वाटलं, श्वास मोकळा झाला. मी सरिताला म्हटलं, पाहिलं? पाणीच साचलं होतं, दुसरं काही नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बगिच्यात गेलो. टिटवी बसलेली. तिचा मान वळवून पाहण्याचा एक ढंग आहे, आता मला ओळखते असं वाटतं. टिकलीला मात्र नाही ओळखत, ती लांब दिसली तरी शिव्या देते.

१९ मे, रविवार

आज दीक्षाचा फोन आधी सरितानं घेतला आणि गच्चीवर घेऊन गेली. दुपारच्या उन्हात, अनवाणी. अर्धा तास. खाली आली तेव्हा पाय भाजले असणार, पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मला फोन दिला तेव्हा दीक्षा फक्त "जेवले का बाबा, औषध घेता का" एवढंच. टिटवीचं मीच सांगितलं.

भंडाऱ्याचं स्थळ आलं आहे, त्यावरून मायलेकींचं वाजलं असावं. दीक्षाला सध्या लग्न नको आहे. माझ्या मते सरितानं तिला आता छेडू नये, पोरगी जंगलात एकटी राहते.

२१ मे, मंगळवार

पंचेचाळीस डिग्री.

आज एक गोष्ट पाहिली ती लिहिलीच पाहिजे. साडेदहा झाले होते, मला परत यायला जमलं नाही म्हणून लिंबाखालीच बसून होतो. टिटवी उठली, उडून धोंडबाच्या नळाखाली जिथं पाणी साचतं तिथं गेली आणि पाण्यात बसली. पोट भिजवलं. आंघोळ नाही, नुसतं पोट. मग परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं दुसरा गेला, तोही तसाच. म्हणजे आपण समजतो की पाखरं अंडी उबवतात, आणि हे दोघं ती गार ठेवतात. ऊन तापवतं आहे आणि हे दोघं पोटानं पाणी वाहून राहिले आहेत. दिवसभर.

धोंडबाला सांगितलं तर त्यानं घमेलं भरून घरट्यापासून वीस पावलांवर ठेवलं. म्हणाला, "तेवढाच फेरा कमी."

रिपोर्ट काल आले. डॉक्टरनं आधी आम्हा दोघांना बसवलं, मग मला म्हणाला, काका बाहेर पंख्याखाली बसा, इथं गरम होतं. आत तर एसी होता. सरिता वीस मिनिटांनी बाहेर आली, तोंड धुऊन आली होती. इन्फेक्शन आहे म्हणाली. औषधं लांब चालतील.

"किती लांब?"

"चालतील."

इन्फेक्शनला वेळ लागतोच.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. सरिता पांढरी साडी नेसून विहारात गेली, मीही गेलो. पायऱ्यांवर लोकांची गर्दी होती आणि भोंग्याचा आवाज फार, म्हणून मी खालीच खुर्ची टाकून बसलो. वंदना तिथूनही ऐकू येते. प्रयागबाई, दोन गल्ल्या सोडून राहतात त्या, खीर घेऊन आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. मी एकोणसाठ वर्षांचा आहे. लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात. आज सगळेच फार प्रेमानं बोलले.

२४ मे, शुक्रवार

बगिच्यात ट्रॉल्या आल्या आहेत. मागच्या मोकळ्या जागेत फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसवणार, म्हाताऱ्यांना चालायला ट्रॅक आणि व्यायामाची मशिनं. म्हाताऱ्यांना म्हणजे मलाच.

सुपरवायझरला भेटलो. पंचविशीतला, डोक्यावर टॉवेल, घामानं भिजलेला. मी अंड्यांचं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो माझ्यामागं आला, दुर्बिणीतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"काका, किती दिवस लागतील?"

"दहा-बारा."

"मी समोरून काम सुरू करतो. हा कोपरा शेवटी घेतो. आणखी काय करू?"

"एवढंच कर बेटा."

धोंडबानं घरट्याच्या चारी बाजूंना लांबवर विटा मांडल्या, एका विटेवर चुन्यानं फुली केली. इतकं चांगलं वाटलं की परत येताना एकाच बाकावर बसलो.

२६ मे, रविवार

नवतपा सुरू झाला, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. दीक्षाला गट्टूंचं सांगितलं, सुपरवायझरचंही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑफिसर झाले असते." मग तिचा आवाज गेला. रेंज नव्हती बहुतेक, पण मागं वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

धोंडबा भाचीच्या लग्नाला काटोलला गेला, तीन दिवस. मी म्हटलं, निश्चिंत जा, मी आहे.

२७ मे, सोमवार

टिकलीला या उन्हात बाहेर काढणं बरोबर नाही. घरीच.

२८ मे, मंगळवार

घरीच. टिकली दाराशी पट्टा तोंडात धरून बसली होती. सकाळभर बसली. मी उठून चप्पल घातली होती. दारापर्यंत गेलो आणि दाराला धरून उभा राहिलो. सरितानं येऊन चप्पल काढली पायातून.

तिला म्हटलं, "टिकलीले बरं नाही."

ती म्हणाली, "हो."

२९ मे, बुधवार

सरिता अंगणवाडीत गेल्यावर टिकलीला घेऊन निघालो. बगिचा घरापासून दोन गल्ल्या. अर्धा तास लागला असावा.

कोपरा झाला आहे. लाल आणि करडे गट्टू, एकाआड एक, सपाट. विटा एका बाजूला रचून ठेवलेल्या, फुलीची वीट सगळ्यात वर.

धोंडबा कालच परतला. मला पाहून पाइप तसाच सोडून आला. म्हणाला, सोमवारी सुपरवायझरला दुसऱ्या साइटवर पाठवलं. नवीन माणूस आला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुरुमाची ट्रॉली मागं घेतली. ड्रायव्हरला टिटव्या ओरडताना दिसल्या, पण टिटव्या तर ओरडतातच.

"मी असतो त..." धोंडबा म्हणाला.

त्यानं असायची गरजच नव्हती. मी म्हटलं होतं, मी आहे.

कुणाला शिवी द्यावी असं काही नाही. सुपरवायझर भला होता. नवीन माणसाला माहीत नव्हतं. धोंडबाची भाची एकच. मी दोन दिवस दुबळा पडलो, टिकलीचं नाव पुढं केलं. इथं टिकलीचं नाव पुढं करत नाही.

बाकावर बसलो तेव्हा टिटवी आली. चालत, दोन पावलं टाकून थांबत, तशीच. जिथं घरटं होतं तिथं आली. खाली पाहिलं. गट्टूवर दोनदा खोटं खोटं बसली, तिसऱ्यांदा नीट बसली. अंग हलवून. तापलेल्या सिमेंटवर. मग उठली, घमेल्याकडं गेली, घमेलं कोरडं होतं, तरी त्यात उतरून बसली, परत आली आणि ओलं नसलेलं पोट त्या गट्टूंवर टेकवलं.

धोंडबानं घमेलं भरायला घेतलं. मी म्हटलं, राहू दे गा. तो म्हणाला, "तिले तरी पाणी पाहिजे ना." आणि भरलं.

कसा परतलो ते लिहीत नाही. धोंडबानं सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं. टिकली बाजूनं आली. तिला अजिबात दम लागला नव्हता.

२ जून, रविवार

दीक्षाचा फोन. मी ठरवलं होतं सांगायचं.

तिनं विचारलं, "बाबा, टिटवी?" आवाज असा होता की ताप आहे की काय असं वाटलं. मेळघाटात एवढं ऊन, राहायला पत्र्याची खोली, घुबड सापडत नाही. तिला आठवड्यात एकच गोष्ट ऐकायची असते.

"बसली हाय," मी म्हटलं.

"चारही?"

"चारही. दोघं पाळीपाळीनं बसून राहिले."

"या आठवड्यात निघतीन पिल्लं."

"निघतीन."

सरिता भाजी निवडत होती. तिला मी अजून काही सांगितलं नाही. तिनंही मान वर केली नाही. या घरात सध्या फार कमी बोलणं होतं. कूलर मोठा आवाज करतो, बरं आहे.

पाणी परत काढावं लागणार आहे.

५ जून, बुधवार

दीक्षा आली! न सांगता. दुपारी दारात उभी, चेहरा काळवंडलेला, केस कापलेले. टिकलीनं तिला जमिनीवरच पाडलं.

मोठी सॅक, मच्छरदाणी, जंगलातले बूट, पातेलंसुद्धा. म्हटलं, "एवढं सामान?"

"दोन महिने सुटी हाय बाबा. पावसामुळे."

पाऊस अजून कुठं आहे? आणि एप्रिलमध्ये तीच म्हणाली होती, जूनमध्ये घुबडाची पिल्लं ढोलीबाहेर येतात, तेव्हाच खरं काम. मला राग आला. म्हटलं, काम सोडून आली असशील तर बरं केलं नाही. एकोणतीस वर्षांत मी बाप वारला तेव्हाच काय ती रजा काढली. लोकं काय म्हणतील, गजभियेंची पोरगी उन्हाला भ्याली?

एरवी भांडली असती. आज ऐकून घेतलं सगळं. माझा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं पाहत राहिली, एकेक नख अंगठ्यानं दाबून. टोकं जरा फुगली आहेत, तेवढं काही नाही.

"अंडी?" तिनं नंतर विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. सॅक अजून दारात होती, ती दमलेली होती. म्हटलं, "जाशीन तेव्हा पाह्य."

आणि मग वाटलं, हे काय बोललो. ती जाईल आणि पाहील.

७ जून, शुक्रवार

दोन दिवस तिला जाऊ दिलं नाही. एकदा म्हटलं, पाठ दुखते, चोळून दे. एकदा म्हटलं, तुझ्या घुबडाचे फोटो दाखव. तीही बसून राहिली. पाठीला तेल लावताना तिचा हात बरगड्यांवर थांबत होता.

फोटो चांगले आहेत. तिला घुबड सापडलं होतं, महिन्यापूर्वीच. मला सांगितलं नव्हतं. का, विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही टिटवीचं सांगत असायचे ना, मले तेच ऐकायचं असायचं."

८ जून, शनिवार

मी उठायच्या आतच ती टिकलीला घेऊन गेली. साडेपाचला. मी उशीला टेकून बसून राहिलो. येईल आणि म्हणेल, बाबा, काहून खोटं बोलले? काय उत्तर द्यायचं ते तासभर जुळवत होतो.

सात वाजता आली. दारातच खाली बसली, टिकलीचा पट्टा सोडायला.

"पाहिलं?" मी विचारलं.

"पाहिलं बाबा." पट्ट्याचं बक्कल निघत नव्हतं. "पिल्लं निघाली."

मी उशीवरून जरा पुढं झालो.

"दोन हाय. एवढे एवढे, कापसाच्या बोळ्यासारखे, पाय लांब. मायमागे पळून राहिले. मी जवळ गेली त ती ओरडली, अन् दोघंही तिथंच गोट्यांत चिपकून बसले. दिसतच नाही मग, इतका सारखा रंग."

गोट्यांत, म्हणाली. तिथं एकही गोटा नाही.

"अंडी चार होती," मी म्हटलं.

"दोन नसन फुटले. इतक्या उन्हात होते तसं. दोन निघणं म्हणजे खूप झालं."

चारातली दोन तिनं मला विश्वास बसावा म्हणून कमी केली होती. हुशार आहे पोरगी, हे तिचंच शिक्षण आहे. टिटवीचं पिल्लू कसं पळतं, कसं बसतं, बाप कुठं उभा राहतो, सगळं सांगितलं. बक्कल केव्हाच निघालं होतं, ती तरीही टिकलीच्या मानेपाशीच पाहत होती. एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

ती थांबल्यावर मी विचारलं, "अन् माह्या रिपोर्टचं काय वं?"

"काही नाही बाबा. इन्फेक्शन हाय. दोन महिन्यांत चालाले लागान तुम्ही."

तोच आवाज. टिकलीच्या मानेवर तोच हात, तसाच फिरत होता.

आत सरितानं नळ बंद केला. घरात काही आवाज राहिला नाही.

कुत्र्यांचा काटा, पंख्याखालची खुर्ची, प्रयागबाईचा हात. मला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. माझी पोरगी खाली बसली होती आणि वाट पाहत होती की मी विश्वास ठेवतो की नाही. सकाळी बगिच्यात ती त्या गट्टूंवर किती वेळ उभी राहिली असेल आणि मग परत येताना दोन गल्ल्यांत तिनं ही पिल्लं कशी तयार केली असतील, ते मला दिसलं.

"बरं झालं वं," मी म्हटलं. "दोन तरी वाचली."

"हो बाबा."

ती उठून न्हाणीघरात गेली. बालदी भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. सरिता मला चहा देऊन गेली, बिस्किटं मोडून दिली, माझ्याच्यानं मोडत नाहीत असं तिला वाटतं. मी चहा घेतला. टिकली पलंगापाशी आली, वर पाहिलं आणि पट्टा नसल्यामुळं आडवी झाली.